निन्टेंडोचे ऑनलाइन धोरण : ग्राहक माणूस की यंत्र?

दिवेलागण | ११ मे २०१४, रात्री ९.४०

गेल्या बुधवारी निन्टेंडो या जपानी व्हिडिओगेम कंपनीचे वार्षिक निकाल आले. मार्चअखेर संपलेल्या वर्षात कंपनीला कामकाजात सुमारे ४६ अब्ज येनांचा तोटा झाला आणि अशा तोट्याचे हे सलग तिसरे वर्ष ठरले. वर्षभरात तिच्या वी यू या घरगुती कन्सोलचे (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचे) २७.२ लाख नग खपले, म्हणजे बाजारात आल्यापासूनची एकूण विक्री कशीबशी ६१.७ लाखांवर पोचली. सोनीच्या प्लेस्टेशन फोरने गेल्या नोव्हेंबरात पदार्पण करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच ७० लाखांचा टप्पा गाठला, हा आकडा शेजारी मांडला की परिस्थिती किती बिकट आहे ते निराळे सांगावे लागत नाही. याच वर्षासाठी कंपनीने आधी ९० लाखांचा अंदाज बांधला होता, जानेवारीत तो २८ लाखांवर आणला आणि प्रत्यक्षात तेवढीही विक्री झाली नाही.

वी यूचे नाव चुकले, जाहिरात चुकली, गेमपॅडचे (त्याच्या पडदा असलेल्या नियंत्रकाचे) करायचे काय हे खुद्द निन्टेंडोलाच नीट सापडले नाही, हे सगळे आपण येथे वर्षभर उगाळले आहे, त्यामुळे ते पुन्हा नको. मला चर्चा हवी आहे ती खात्याविषयी. वी यूबरोबर निन्टेंडो नेटवर्क आयडी आला तेव्हा अनेकांना वाटले की आता खरेदी आपल्या नावावर राहील आणि यंत्र बदलले तरी मागोमाग येईल. प्रत्यक्षात हे खाते एका वेळी एकाच वी यूला जखडलेले असते. नवा वी यू घेतला तर जुने आणि नवे अशी दोन्ही यंत्रे चालू स्थितीत समोर ठेवून सामान हलवावे लागते, आणि जुने यंत्र चोरीला गेले किंवा कायमचे मिटले तर ग्राहकसेवेची मनधरणी करण्यावाचून मार्ग नसतो. पैसे माणसाने मोजलेले असतात, पण कंपनीच्या वहीत मालक म्हणून नाव यंत्राचे असते.

निन्टेंडोचे जुने खेळ नव्या यंत्रांवर विकणाऱ्या व्हर्च्युअल कन्सोल या सेवेचे उदाहरण घ्या. १९८५ सालचा सुपर मारिओ ब्रदर्स मी वीवर (वी यूच्या आधीच्या कन्सोलवर) घेतला, मग थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवर घेतला आणि आता वी यूवर हवा असेल तर पुन्हा पैसे टाकायचे आहेत. वीवरची खरेदी हलवून आणली असेल तर एक डॉलरात काम भागते हे मान्य, परंतु थ्रीडीएसवरच्या खरेदीची वी यूला दखलच नाही. एकाच दुकानदाराने एकाच गिऱ्हाइकाला तीन वेळा अनोळखी समजावे, असा हा प्रकार आहे.

३० जानेवारीच्या गुंतवणूकदार बैठकीत कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मात्र काही वेगळे सांगितले. यापुढे ग्राहकाशी नाते यंत्राच्या आधारे न जोडता नेटवर्क आयडीच्या आधारे जोडायचे आणि जो अधिक खेळ घेतो त्याला किमतीत सवलत देता येईल अशी रचना उभारायची, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. माझ्या मते त्या संपूर्ण बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे विधान हेच होते, आणि बातम्यांत मात्र सगळी जागा इवातांच्या पगारकपातीने आणि आरोग्यविषयक नव्या व्यवसायाने खाल्ली. हा बदल खरोखर होईल का, आणि झाला तर त्याने निन्टेंडो सावरेल का, यावर तुमची मते वाचायला आवडतील.

जुना_भिडू | ११ मे २०१४, रात्री १०.२५

धागा चांगला आहे, पण निदान पटले नाही. खात्याची सोय पाहून कन्सोल घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वीवर सोळा आकडी मित्रसंकेत (एकमेकांना मित्रयादीत घेण्यासाठी द्यायचे आकडे) होते, त्याखेरीज प्रत्येक खेळाचा बारा आकडी संकेत वेगळा, आणि तरी तो १० कोटींवर खपला. ज्याला मारिओ कार्ट हवा होता त्याने ते आकडे कागदावर उतरवून घेतले आणि तो खेळला.

थ्रीडीएसचे काय झाले तेही आठवा. २०११ मध्ये तो २५० डॉलरांना आला तेव्हा सगळ्यांनी त्याची तिरडी बांधली होती. ऑगस्टमध्ये किंमत १७० वर आणली, वर्ष संपण्याआधी सुपर मारिओ थ्रीडी लँड आणि मारिओ कार्ट सेव्हन दिले, आणि आज तोच कन्सोल ४ कोटी ३३ लाखांवर उभा आहे. त्या वेळी त्याच्यावर नेटवर्क आयडी नव्हताच. निन्टेंडोला निन्टेंडोचे खेळच वाचवतात. या ३० तारखेला मारिओ कार्ट एट येतो आहे, हिवाळ्यात स्मॅश ब्रदर्स आहे. वर्षअखेरीस याच धाग्यावर भेटू.

मुग्धाक्षर | १२ मे २०१४, सकाळी ७.१५

मित्रसंकेतांची टिंगल सगळेच करतात, म्हणून त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहिते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती ज्या कन्सोलवर खेळते त्यावर अनोळखी माणूस तिला सहजासहजी गाठू शकत नाही, ही गोष्ट मला कोणत्याही ध्वनिसंवादापेक्षा मोलाची वाटते. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस निन्टेंडोने थ्रीडीएसवरच्या स्वॅपनोट या चिठ्ठ्या पाठवायच्या अॅपची ऑनलाइन देवाणघेवाण एका रात्रीत बंद केली, कारण काही मुले सार्वजनिक चर्चास्थळांवर आपले संकेत वाटत होती आणि त्या वाटेने त्यांच्यापर्यंत नको तो मजकूर पोचत होता. तेव्हा मोठ्या माणसांनी केवढा आरडाओरडा केला! मला तो निर्णय घाईचा वाटला, पण त्यामागची भीती खोटी नव्हती.

आणि मीव्हर्स या निन्टेंडोच्या सामाजिक जाळ्याविषयी कोणीच का बोलत नाही? शंभर अक्षरांची मर्यादा आणि काळ्यापांढऱ्या रेघांची पाटी एवढ्या सामग्रीवर लोक तेथे जी चित्रे काढतात, ती पाहण्यासाठीच मी कधीकधी कन्सोल सुरू करते. विंड वेकर एचडी या खेळात टिंगल नावाच्या पात्राची बाटली समुद्रात सोडली की ती कोणा अनोळखी खेळाडूच्या किनाऱ्याला लागते, त्यात चिठ्ठी असते किंवा चित्र असते, आणि ती उघडताना मनात जी उत्सुकता दाटते ती मला दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर मिळालेली नाही. ऑनलाइन म्हणजे अनोळखी माणसाला गोळी घालणे आणि वर कानात शिव्या ऐकणे एवढेच नसते, हे ओळखणारी ही बहुधा एकमेव कन्सोल कंपनी असावी. तिच्याकडे कल्पना आहेत, फक्त घराला दारे नीट बसवलेली नाहीत.

तिरकी_रेघ | १२ मे २०१४, सकाळी ९.०५

मुग्धाक्षर यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाटलीची कल्पना सुंदरच आहे. पण ती उघडण्याआधी वी यूचा मुख्य पडदा येईपर्यंत चहा होतो.

शून्यप्रहर | १२ मे २०१४, रात्री ११.५०

आज जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयाचा इतिहास पाहिल्याशिवाय दिवेलागण यांचा प्रश्न नीट कळत नाही असे मला वाटते.

निन्टेंडोला ऑनलाइनचे वावडे आहे हा समज चुकीचा आहे. १९८८ मध्येच तिने जपानात फॅमिकॉम या आपल्या जुन्या कन्सोलसाठी मोडेम काढला होता आणि त्यावरून शेअरांची खरेदी-विक्री करता येत असे. १९९५ मध्ये सुपर फॅमिकॉमसाठी सॅटेलाव्ह्यू आला, ज्यात उपग्रहावरून खेळ प्रसारित होत. १९९९ च्या डिसेंबरात सिक्स्टीफोर डीडी या जोडयंत्राबरोबर रँडनेट ही सेवा सुरू झाली आणि २००१ च्या फेब्रुवारीत ती गुंडाळली गेली. गेमक्यूबसाठी मोडेम आणि ब्रॉडबँड अशी दोन्ही उपकरणे निघाली, पण त्यांवर इंटरनेटवरून खेळता येतील असे खेळ एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. मग नोव्हेंबर २००५ मध्ये डीएस या थ्रीडीएसच्या आधीच्या हातातल्या कन्सोलवर मारिओ कार्ट डीएसबरोबर निन्टेंडो वायफाय कनेक्शन ही ऑनलाइन सेवा आली, आणि तिथून पुढचे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

या यादीत धाडसाची कमतरता कुठे दिसते? कमतरता आहे ती सातत्याची. दर पिढीला निन्टेंडोने पाटी पुसून नव्याने श्रीगणेशा केला. डीएसवरचे मित्र थ्रीडीएसवर आले नाहीत, वीवरचे मित्र वी यूवर आले नाहीत. एक्सबॉक्स लाइव्हवर २००२ साली घेतलेले नाव आजही एक्सबॉक्स वनवर चालते, कारण मायक्रोसॉफ्टने पहिल्या दिवसापासून खाते आधी धरले आणि यंत्र नंतर. प्लेस्टेशन थ्रीवर जमवलेल्या ट्रॉफी प्लेस्टेशन फोरवरही दिसतात. निन्टेंडोच्या घरात मात्र दर पाच-सहा वर्षांनी नवा संसार मांडायचा आणि जुना बोहारणीला द्यायचा, अशी रीत पडली आहे.

त्याचा ताजा दाखला समोरच आहे. या २० मेला वी आणि डीएसची वायफाय कनेक्शन सेवा बंद होते आहे. निन्टेंडोने कारण दिलेले नाही, परंतु ही सेवा गेमस्पायच्या तंत्रावर उभी आहे, गेमस्पाय २०१२ मध्ये ग्लू मोबाइलच्या मालकीचे झाले आणि आता या महिनाअखेरीस ते आपल्या सगळ्याच सेवा बंद करत आहे. म्हणजे इतक्या लोकांचा मारिओ कार्ट ज्या खांबावर उभा होता तो खांब भाड्याचा निघाला. गेल्या जूनमध्ये वीवरची हवामान, बातम्या आणि मतदानाची दालने बंद झाली तेव्हा मी फारसे मनावर घेतले नव्हते, कारण हवामान पाहायला वी लागत नाही. मारिओ कार्ट वी एकमेकांशी खेळायला मात्र वीच लागतो.

नव्या सेवेचा पाया स्वतःचा आहे, ही जमेची बाजू. पण तो किती रुंद आहे याची शंका येते. गेल्या नाताळच्या दिवशी जपानात पोकेमॉन बँक (पकडलेले पोकेमॉन ऑनलाइन साठवायची सेवा) उघडली आणि निन्टेंडो नेटवर्कवर एवढा ताण आला की ती मागे घ्यावी लागली, आणि बाकीच्या जगाला ती थेट फेब्रुवारीत मिळाली. नाताळला मुले नवे कन्सोल उघडतात, हे निन्टेंडोला कोणी सांगायला हवे होते का? (अवांतर: आता लगेच कोणीतरी एप्रिल २०११ काढेल, तेव्हा मीच काढतो. सोनीचे जाळे फोडले गेले, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. तेव्हा दुसऱ्यांच्या घरीही मातीच्याच चुली आहेत. पण सोनीने त्यानंतर चूल पुन्हा बांधली.)

जुना_भिडू | १३ मे २०१४, सकाळी ८.३०

शून्यप्रहर, इतिहास वाचायला मजा आली, मात्र त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. एवढी पाटी पुसूनही डीएस हा तिचा तोवरचा सर्वाधिक खपलेला हातातला कन्सोल ठरला आणि वी सर्वाधिक खपलेला घरातला.

शून्यप्रहर | १३ मे २०१४, सकाळी ९.१०

तेव्हा खिशात स्मार्टफोन नव्हते. आज नऊ वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते की फोन बदलला तरी खेळ परत मिळतो. त्याला निन्टेंडोची पद्धत कंजूषपणाची वाटत नाही, ती मोडलेली वाटते, आणि दुसरे अधिक वाईट.

तिरकी_रेघ | १४ मे २०१४, दुपारी १.२०

पैशांविषयी कोणीच बोलले नाही म्हणून मी बोलतो. निन्टेंडोची ऑनलाइन सेवा फुकट आहे आणि आपण ती फुकट असल्याचा अभिमान मिरवतो. प्लेस्टेशन फोरवर बहुतेक खेळ ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस या वर्गणीचे वर्षाला ५० डॉलर मोजावे लागतात, एक्सबॉक्सवर गोल्ड वर्गणीचे ६०. कालच मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की जूनपासून नेटफ्लिक्ससारखी अॅप वापरायला गोल्डची सक्ती नसेल आणि काइनेक्ट या जोड-कॅमेऱ्याविना एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरांना मिळेल. म्हणजे तेथेही लोकांच्या रागापुढे कंपनी वाकली. गेल्या जूनमध्ये तर सतत जोडणीची अट आणि जुन्या चकत्यांवरचे निर्बंध आठवडाभराच्या गदारोळानंतर तिने मुळासकट मागे घेतले होते.

यातून मला दिसते ते असे, की ज्या सेवेला गिऱ्हाईक पैसे मोजतो त्या सेवेविषयी तो भांडू शकतो आणि कंपनीला ते भांडण ऐकावे लागते. फुकटच्या सेवेविषयी तक्रार केली की ‘फुकट तर आहे’ हे उत्तर तयारच असते, आणि ते उत्तर बहुतेक वेळा कंपनी देत नाही, तर आपल्यासारखे चाहतेच देतात. मला निन्टेंडोने वर्षाला वीस-पंचवीस डॉलर मागितलेले चालतील. त्या बदल्यात खाते माझे असावे, जपून ठेवलेला खेळ कंपनीच्या सर्व्हरवर उतरवता यावा आणि व्हर्च्युअल कन्सोलचे जुने खेळ एकेक पाच डॉलरांना विकण्याऐवजी सगळी फडताळेच उघडी करावीत. तीस वर्षांचा एवढा साठा दुसऱ्या कोणाकडे आहे? आज तो महिन्याला तीन-चार खेळ अशा हाताने आपल्या पानात वाढला जातो.

जुना_भिडू | १४ मे २०१४, दुपारी २.०५

वर्गणी कशासाठी? वी यूवर ऑनलाइन खेळण्याजोगे खेळ किती आहेत ते आधी मोजा. मॉन्स्टर हंटर थ्री अल्टिमेट आणि कॉल ऑफ ड्यूटी घोस्ट्स ही दोन नावे पटकन आठवतात, आणि घोस्ट्समध्ये सवंगडी मिळायला किती वेळ थांबावे लागते ते ज्याने अनुभवले आहे त्याला विचारा. खेळ नसताना वर्गणी मागितली तर उरलेसुरलेही उठून जातील.

अर्धविराम | १४ मे २०१४, रात्री १०.४५

मी दोन्ही पक्षांशी असहमत आहे. जुना भिडू म्हणतात खेळ तारतील, दिवेलागण म्हणतात खाते तारेल. मला सेगा ही एकेकाळची कन्सोल कंपनी आठवते.

१९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या तिच्या ड्रीमकास्ट कन्सोलमध्ये मोडेम अंगचाच होता. सप्टेंबर २००० मध्ये सेगानेट ही तिची इंटरनेट सेवा सुरू झाली, आणि दीर्घ मुदतीचा करार करणाऱ्याला कन्सोलची किंमत परत मिळत होती, म्हणजे कन्सोल जवळजवळ फुकट पडत होता. त्यानंतर फँटसी स्टार ऑनलाइन हा खेळ आला, ज्याने घरगुती कन्सोलवर एकत्र मोहिमेवर जाणे म्हणजे काय ते पहिल्यांदा दाखवले आणि निरनिराळ्या भाषांच्या खेळाडूंना तयार वाक्यांच्या मदतीने एकमेकांशी बोलते केले. ऑनलाइनविषयी सेगाएवढी दूरदृष्टी त्या वेळी कोणत्याच कन्सोल कंपनीकडे नव्हती, आणि खेळ तर होतेच होते. तरीही ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. फँटसी स्टार ऑनलाइन अमेरिकेत पोचला त्याच महिन्यात!

कारण उघड होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या खेळनिर्मात्या कंपनीने ड्रीमकास्टकडे पाठ फिरवली, प्लेस्टेशन टूच्या नुसत्या चाहुलीने गिऱ्हाईक थांबून राहिले, आणि सेगा सीडी, थर्टीटू एक्स आणि सॅटर्न या आधीच्या यंत्रांत पोळलेल्या लोकांचा सेगाच्या पेटीवर विश्वास उरला नव्हता. आता वी यूकडे पाहा. २०११ च्या ई-थ्री या खेळप्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रमुखांनी मंचावर येऊन न भूतो अशा भागीदारीची भाषा केली, आणि दोनच वर्षांत फिफा फोर्टीन वी यूवर आलाच नाही. यूबीसॉफ्टने रेमन लेजंड्स ऐनवेळी सहा महिने पुढे ढकलून सगळ्यांना वाटला आणि आता वॉच डॉग्जची वी यू आवृत्तीही मागे ठेवली आहे. बाहेरच्या कंपन्या पाठ फिरवतात तेव्हा खात्याची रचना कितीही नेटकी असली तरी तिच्यात भरायला काही नसते. निन्टेंडोनेही आज ना उद्या पेट्या बनवणे सोडून खेळ बनवावेत, आणि ते सगळ्या यंत्रांवर विकावेत.

दिवेलागण | १५ मे २०१४, रात्री ९.१५

अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचून मला माझे म्हणणे नव्याने तपासावे लागले, त्यामुळे उत्तराला एक दिवस लागला.

सेगाची तुलना अर्धीच लागू पडते. सेगा त्या वेळी कर्जात होती. तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आपली वैयक्तिक संपत्ती कंपनीच्या पदरात टाकली आणि मार्च २००१ मध्ये ते गेले. हे सगळे होत असताना कंपनीला चुकायला आणखी एक वर्षही उरले नव्हते. निन्टेंडोची गोष्ट वेगळी आहे. तीन वर्षे तोटा सोसूनही तिची तिजोरी भरलेली आहे. यंदाच्या सुरुवातीलाच तिने शंभर अब्ज येनांहून अधिक रक्कम मोजून स्वतःचे समभाग परत विकत घेतले. अशा कंपनीला पेट्या सोडण्याची घाई नाही. एक अख्खा कन्सोल वाया गेला तरी पुढच्याची तयारी करण्याइतका वेळ तिच्याकडे आहे, आणि म्हणूनच हा वेळ ती कशात घालवते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

बाहेरच्या कंपन्यांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो, आणि त्यातूनच मला खात्याचे महत्त्व अधिक पटते. बाहेरचे पाठ फिरवतात तेव्हा हाताशी उरतात ते आपलेच लोक. थ्रीडीएस ४ कोटी ३३ लाखांहून अधिक खपला आहे. ही सगळी माणसे निन्टेंडोचीच आहेत, तिच्या दुकानातून ती खेळ घेतात, आणि तरीही वी यूच्या दाराशी आल्यावर त्यांना नव्या गिऱ्हाइकासारखे उभे राहावे लागते. गेल्या डिसेंबरात नेटवर्क आयडी थ्रीडीएसवर आला तेव्हा दोन्हीकडची शिल्लक रक्कम एकत्र करता येऊ लागली, पण विकत घेतलेले खेळ दोन्हीकडे आपापल्या जागीच राहिले. पाकीट एक आणि कपाटे दोन! समजा, थ्रीडीएसवर घेतलेले जुने मारिओ, झेल्डा, मेट्रॉइड वी यू विकत घेताच त्यात दिसू लागले असते, तर त्या ४ कोटींपैकी किती जणांनी एकदा तरी विचार केला असता? सगळ्यांनी नव्हे, हे मलाही कळते. पण दहातल्या एकाने जरी केला असता तरी वी यूची आजची विक्री जवळजवळ पाऊणपट वाढली असती.

फेब्रुवारी २०१३ मध्ये निन्टेंडोने हातातल्या आणि घरातल्या कन्सोलांचे विकासविभाग एकत्र केले, आणि जानेवारीच्या बैठकीत इवातांनी पुढची यंत्रे एकाच कुटुंबातल्या भावंडांसारखी असतील असे सूचित केले. खाते यंत्रापासून सुटे करणे आणि यंत्रांची जडणघडण एक करणे ही दोन पावले एकत्र वाचली तर मला वाटते की इवातांनी वी यूचा हिशेब मनातल्या मनात केव्हाच मिटवला आहे आणि ते पुढच्या पिढीचा पाया खणत आहेत. तसे असेल तर जुना भिडूंचा मारिओ कार्ट एट हा वी यूला वाचवण्यासाठी नसून ग्राहकाला तोवर घरात थोपवून धरण्यासाठी आहे.

तिरकी रेघ यांच्या वर्गणीला माझा विरोध नाही, पण क्रम उलटा नको. आधी खरेदी माणसाच्या नावावर करावी आणि मग त्या माणसाकडे वर्गणी मागावी.

मुग्धाक्षर | १६ मे २०१४, सकाळी ७.४०

‘माणसाच्या नावावर’ असे तुम्ही सगळे म्हणता, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर एकटा राहणारा, स्वतःचे कार्ड असलेला प्रौढ माणूस असतो. आमच्या घरात एक वी यू आहे, दोन थ्रीडीएस आहेत आणि चार माणसे आहेत. आज वी यूवर एकाने घेतलेला खेळ त्याच यंत्रावर घरातले सगळे आपापल्या नावाने खेळू शकतात, कारण खरेदी यंत्राला बांधलेली आहे. ती उद्या माणसाला बांधली तर मुलीने खेळायला बसताना प्रत्येक वेळी माझ्या नावाने शिरायचे का? यंत्राला मालक मानण्याची पद्धत कंजूषपणातून आली असे तुम्ही समजता. मला वाटते, बैठकीच्या खोलीत एक पेटी आणि तिच्याभोवती सगळे घर, हे चित्र निन्टेंडोच्या डोक्यात पक्के बसले आहे आणि ती पद्धत तिथून आली.

दिवेलागण | १६ मे २०१४, सकाळी ८.२०

हा विचार मी केला नव्हता, हे कबूल करतो. खाते माणसाचे आणि त्याखाली कुटुंबाची पोटखाती अशी काही रचना लागेल. ती करणे सोपे नाही, आणि निन्टेंडो इतकी वर्षे थांबून का राहिली असेल याचे हे कदाचित थोडेसे उत्तर आहे.

अर्धविराम | १६ मे २०१४, सकाळी ११.३०

दिवेलागण, पाया खणत आहेत हे मान्य केले तरी बाहेरच्या कंपन्या त्या घरात राहायला येतील याची हमी तुम्ही दिलेली नाही. माझे मत तेच आहे, पण सेगाची तुलना मी अर्धी मागे घेतो.

शून्यप्रहर | १६ मे २०१४, रात्री ९.००

चर्चा चालू राहू द्या, मी मध्येच एक व्यवहाराची गोष्ट काढतो. मंगळवारी वायफाय कनेक्शन बंद होईल. मारिओ कार्ट वीमध्ये शर्यत खेळाडूंच्या यंत्रांमध्येच थेट चालते, पण एकमेकांना शोधायला सर्व्हर लागतो, त्यामुळे तो गेला की सगळेच गेले. काही हौशी मंडळी पर्यायी सर्व्हर उभारण्याच्या खटपटीत आहेत, त्यांना यश येवो. तोवर येत्या रविवारी, १८ तारखेला रात्री दहा वाजता आपण शेवटची मैफल जमवू. एका दालनात बारा जण मावतात.

ज्यांना यायचे आहे त्यांनी आपला बारा आकडी संकेत मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा, धाग्यावर टाकू नये. मी यादी करून सर्वांना पाठवेन. मात्र प्रत्येकाने इतरांचे संकेत आपल्या यंत्रात स्वतः भरायचे आहेत, कारण दोन्ही बाजूंनी नोंद झाल्याशिवाय कोणी कोणाला दिसत नाही. आतापर्यंत सात नावे आली आहेत. जुना भिडू, तुमचे अजून आलेले नाही.

जुना_भिडू | १७ मे २०१४, रात्री ११.१०

संकेत व्यनि केला आहे. वी माळ्यावर होता, तो काढून जोडण्यात संध्याकाळ गेली. खेळातली मित्रांची यादी २००८ सालची, जशीच्या तशी निघाली. तिच्यात तीसच जागा असतात आणि माझ्या तीसही भरलेल्या आहेत. आज त्यांतले कोणीही ऑनलाइन नव्हते आणि चौघे कोण आहेत ते मला त्यांच्या खेळातल्या चेहऱ्यांवरून आठवेना. तुमचे सात संकेत भरायचे तर त्यांतली सात नावे पुसावी लागतील. चार ठरली आहेत, उरलेली तीन सकाळपर्यंत ठरवतो.